कंटेनर वॅगनचं मॉडेल, ३१,३२९ रुपये आणि 'माल तर मिळाला ना?'

मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या १/८७ आकारात) भारतीय फ्लॅट वॅगनचा, म्हणजे मालगाडीच्या सपाट उघड्या डब्यांचा, सेट देतो म्हणून कुणी तुमच्याकडे अ‍ॅडव्हान्स मागत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे ३१,३२९ रुपये गेलेत. कंटेनर वाहणाऱ्या 'बीएलसी' जातीच्या पाच वॅगनच्या सेटचे निम्मे ९,२५०. रोरोच्या, म्हणजे ट्रक लादून नेणाऱ्या गाडीच्या, 'बीआरएन' जातीच्या चार वॅगनचे १२,६००, तेही आगाऊ, पूर्ण भरले तर सवलत म्हणून. मग 'कस्टम्स ड्यूटी' ६,४८०. शेवटी गोदामाचं 'परत मिळणारं' भाडं २,९९९.

अ‍ॅडव्हान्स दिलाच कशाला, असं विचारणाऱ्यांनी आपल्या छंदाचा बाजार एकदा बघावा. जर्मन, अमेरिकन, ब्रिटिश डबे पाहिजे तेवढे मिळतात. आपल्या मालगाडीचे डबे मात्र कुणीतरी घरी थ्रीडी प्रिंटरवर दहा-वीस नग काढतो, तेव्हाच मिळतात, आणि तो आधी पैसे घेतो. मी यापूर्वी असेच घेतलेत आणि माल चोख आलाय.

शिवाय या विक्रेत्याला विषय येत होता. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिमी, तिला ८७ ने भागलं की १९.२६ मिमी येतात, पण एचओचा रूळ १६.५ मिमीचा, म्हणून बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) कशी बसवावी लागते, हे त्याने आपणहून सांगितलं. बीएलसीच्या पाचच्या जोडणीत दोन टोकांना 'ए' आणि मध्ये तीन 'बी' असतात, डेक (माल ठेवायची पातळी) रुळापासून १,००९ मिमीवर, म्हणून चाकं १,००० ऐवजी ८४० मिमीची, हेही त्याला ठाऊक. माझं गाव कोकणातलं म्हटल्यावर लगेच रोरोवर आला. १९९९ साली कोलाड ते वेर्णे सुरू झालेली, ट्रक वॅगनवर आणि ड्रायव्हर ट्रकच्या केबिनमध्येच बसलेला, ती गाडी. असं बोलणारा माणूस लुबाडेल असं कुणाच्या मनात येईल? ही सगळी माहिती कुणालाही तासाभरात पाठ करता येते. चांगलं बोलतो म्हणून पैसे सोडू नका.

आता तो फोटो. हा आठवला की अजून डोकं तापतं.

त्याने 'तयार नमुना' म्हणून पाच वॅगनचा फोटो पाठवला होता. प्रत्येकीवर वीस फुटी दोन कंटेनर, रंग अगदी कॉनकॉर या कंटेनर वाहतूक कंपनीचा. दोन कंटेनरच्या मध्ये बोटभर फट होती आणि त्या फटीत लाकडी फळ्या दिसत होत्या. खऱ्या बीएलसीवर लोड बसतो १२.१९२ मीटरमध्ये. वीस फुटी कंटेनर ६.०५८ मीटरचा, दोन मिळून १२.११६. उरतात ७६ मिमी, म्हणजे एचओत एक मिलिमीटरही नाही! आणि फळ्या कुठून येणार? बीएलसीला जमीनच नसते. नुसता सांगाडा आणि कंटेनरचे कोपरे पकडणारी ट्विस्टलॉक. फळ्यांचा डेक असतो तो जुन्या अमेरिकन फ्लॅटकारला. त्यातल्या एका वॅगनच्या टोकाला उभं ब्रेकचाकही होतं, तेही अमेरिकनच.

मला काहीच दिसलं नाही असंही नाही. पाचही वॅगनना दोन्हीकडे कपलर (सुटणारे जोड) दिसले तेव्हा मी विचारलं, की 'बी' वॅगन तर ड्रॉबारने, म्हणजे पक्क्या दांड्याने, जोडलेल्या असतात, मग हे कसं? तो म्हणाला, "काका, घरच्या लेआउटची वळणं तीव्र असतात. ड्रॉबार लावला तर गाडी घसरेल." उत्तर पटण्यासारखं होतं. मॉडेलमध्ये अशा तडजोडी करतातच. पण तेव्हाच फोटो मोठा करून त्या फटीकडे बघितलं असतं तर १२,६०० आणि पुढचं सगळं वाचलं असतं. रिकाम्या वॅगनचा, वरून काढलेला, शेजारी पट्टी ठेवलेला फोटो मागा. बीएलसीचा डेक एचओत लांबीला १४० मिमीच्या आसपास भरला पाहिजे. देत नसेल तर बोलणं बंद करा.

६,४८० कसे गेले तेही सांगतो. साचे चीनमधून आले, शिपमेंट न्हावा शेवाला अडकलंय, म्हणाला. बावीस हजार आधीच अडकलेले असताना माणूस साडेसहासाठी मागे फिरत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. कस्टम्सची ड्यूटी कुणाच्या खासगी यूपीआयवर भरत नाहीत. पावती नाही तर पैसे नाहीत.

त्यानंतर खरंच पार्सल आलं. आत दोन जुन्या अमेरिकन फ्लॅटकार, तपकिरी रंग फासलेल्या, बाजूला 'बीएलसी' छापलेला कागद चिकटवलेला. एकीची बोगी तुटलेली. मला आधी वाटलं चुकीचं पार्सल आलं. ती चूक नव्हती. तो कचरा मुद्दाम पाठवतात, आणि कशासाठी ते पोलीस ठाण्यात गेल्यावर समजलं.

"माल तर मिळाला ना? मग फसवणूक कुठली? हा दिवाणी वाद झाला." डिलिव्हरीची नोंद बघून समोरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं. मी वॅगनमधला फरक दाखवायला लागलो तर, "अहो काका, खेळण्यातल्या गाडीला एकतीस हजार?" आणि शेजारचे दोघे हसले. कुणी सोन्यासाठी पैसे दिले असते तर हसले असते का? माझे कष्टाचे पैसे कशावर घालायचे हे मी ठरवीन. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक अमुकच वस्तूची असावी अशी अट नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. मला मात्र "समोरचा राहतो तिकडे जा" म्हणून वाटेला लावलं. तो कुठे राहतो हे माहीत असतं तर मी ठाण्यात कशाला आलो असतो?

बँकेत दुसरी तऱ्हा. "सर, पिन तुम्हीच टाकलात ना?" रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे, तुम्हाला नाही, एवढं सांगून फाइल बंद. ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव आणि विक्रेत्याचं नाव वेगळं होतं. ते खातं गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी बँकेचं उत्तर आणा. अर्ज घेतल्याचा शिक्का मारून घ्यायलासुद्धा मला भांडावं लागलं.

म्हणून पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, वजनाच्या चिठ्ठीसकट. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पार्सल येईपर्यंत थांबू नका, पुढे सरकलेला पैसा परत खेचणं फार अवघड. खात्यावरचं नाव जुळत नसेल तर 'पार्टनरचं खातं आहे' हे ऐकून घेऊ नका.

तोच फोटो आता दुसऱ्या नावाने फिरतोय, किंमत १६,९९९. कंटेनरमधली फट आणि फळ्या तशाच. तुमच्याकडे आला तर क्रमांक आणि खात्याच्या नावासकट स्क्रीनशॉट मला पाठवा, मी माझ्या तक्रारीला जोडतो. एकट्याच्या अर्जाला दिवाणी वाद म्हणतात, त्याच खात्याविरुद्ध चौघांचे अर्ज एकत्र गेले तर तसं म्हणणं त्यांना जड जाईल.