सस्पेन्स असलेली ख्रिस्ती पुस्तकं वाचायची असतील तर सुरुवात 'द हायडिंग प्लेस'पासून करा

ख्रिस्ती पुस्तकं म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर उपदेशांचा संग्रह येतो, नाहीतर रोज सकाळी एक पान वाचायची मननाची पुस्तकं. तीही मी वाचते, पण रोजच्या जगण्यात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलीयेत ती धाकधूक लावणारी पुस्तकं, म्हणजे दारावर थाप पडते, आत माणसं लपलेली असतात आणि पुढचं पान उलटल्याशिवाय चैन पडत नाही अशी. यात शेवटी चांगल्याचाच विजय होणार हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं, मग सस्पेन्स कसला असं कुणी विचारेल. तर सस्पेन्स असतो तो माणूस आतून टिकणार का याचा. खोटं बोलायची वेळ आली तर काय करेल, ज्याने वाटोळं केलं त्याला माफ करेल का, देवाकडून काहीच उत्तर येत नसेल तेव्हा प्रार्थना करत राहील का. हे प्रश्न आपल्यालाही पडतात, फक्त आपल्या दारावर गेस्टापो, म्हणजे नाझी जर्मनीची गुप्त पोलीस, उभी नसते.

या कसोटीवर मला सगळ्यात वर ठेवावंसं वाटतं ते कोरी टेन बूमचं 'द हायडिंग प्लेस'. १९७१ साली आलेलं, जॉन आणि एलिझाबेथ शेरिल या जोडप्याच्या साथीने लिहिलेलं, आणि ही कादंबरी नाही, सगळं खरं घडलेलं आहे. नेदरलँड्समधल्या हार्लेम गावात एका अरुंद जुन्या घरात खाली घड्याळांचं दुकान, वर घरातली माणसं राहतात. म्हातारे वडील कॅस्पर, आणि कोरी व बेट्सी या दोन अविवाहित बहिणी. कोरी ही तिच्या देशातली परवाना मिळालेली पहिली स्त्री घड्याळजी. जर्मनांनी १९४० मध्ये देश ताब्यात घेतला तेव्हा ती पन्नाशीला आलेली होती, म्हणजे या गोष्टीत तरणाताठा, पिस्तूल घेऊन धावणारा हिरो कुणी नाहीये, घड्याळं दुरुस्त करणारी, चर्चला जाणारी साधी बाई आहे आणि तिच्या दारात एकेक करून ज्यू माणसं आसरा मागायला येतायत. माझ्यासारख्या वाचणारीला ती लगेच जवळची वाटते ती यामुळेच.

मग तिच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक खोटी भिंत उभी राहते. भिंतीमागे माणसं दाटीवाटीने जेमतेम उभी राहतील एवढीच जागा, आणि आत शिरायचं ते कपाटाच्या खालच्या फळीपाशी असलेल्या सरकत्या फळीतून, अक्षरशः रांगत. त्यानंतर सुरू होतात सराव. बझर वाजला की लपणाऱ्यांनी आपलं सामान उचलायचं, टेबलावरची जास्तीची ताटं गायब करायची आणि गाद्या उलटायच्या. गाद्या का, तर शोधायला आलेल्या माणसाने हात लावून पाहिलं तर गादी गरम लागायला नको! हे वाचताना अंगावर काटा आला माझ्या. भीती कशी असते यावर पानंच्या पानं लिहिण्यापेक्षा ही एक गरम गादी पुरेशी आहे, आणि शेरिल जोडप्याचं कसब इथे दिसतं, ते मध्ये थांबून समजावत बसत नाहीत.

छापा पडतो २८ फेब्रुवारी १९४४ ला. कोरी तापाने फणफणलेली, अंथरुणात. खिडकीत घड्याळाच्या कंपनीची एक त्रिकोणी पाटी लावलेली असायची, ती दिसली की घर सुरक्षित असं आपल्या लोकांना कळायचं. बेट्सी ती पाटी कशीबशी खाली पाडते आणि वाचणाऱ्याला वाटतं चला, निदान बाहेरचे तरी वाचले, तेवढ्यात पोलिसांच्या लक्षात येतं आणि ते पाटी परत जागेवर लावतात. मग दिवसभर आपली माणसं एकामागून एक त्या घरात येत राहतात आणि पकडली जातात. भिंतीमागे मात्र सहा जण होते आणि ते शेवटपर्यंत सापडले नाहीत, पण हे कोरीला कुठे माहीत? ती तुरुंगात एकटी, कोठडीच्या चार भिंतींत. एक दिवस बहीण नॉलीचं पत्र येतं आणि कोरीच्या लक्षात येतं की पाकिटावरचं अक्षर तिकिटाच्या दिशेने तिरकं गेलंय. तिकीट ओलं करून सोडवते तर खाली बारीक अक्षरात निरोप, की तुझ्या कपाटातली सगळी घड्याळं सुखरूप आहेत. घड्याळं म्हणजे कोण ते तुम्हाला कळलंच असेल. मी ते पान दोनदा वाचलं आणि मग पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आता यातून रोजच्या जगण्यासाठी काय मिळतं ते सांगते, आणि इथे हे पुस्तक बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे कारण ते सोपी उत्तरं देत नाही. खरं-खोट्याचाच प्रश्न घ्या. नॉलीच्या घरात खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही, काही झालं तरी. सैनिक घरात घुसतात, तरुण मुलांना धरून न्यायला आलेले असतात, आणि तिच्या मुलीला विचारतात तुझे भाऊ कुठायत. ती म्हणते टेबलाखाली. सैनिक टेबलक्लॉथ उचलून बघतात, खाली कुणीच नाही, मुलगी जोरात हसत सुटते, सैनिकांना वाटतं ही आपली थट्टा करतेय आणि ते चिडून निघून जातात. मुलं खरोखरच टेबलाखाली होती, जमिनीखालच्या तळघरात, वर सतरंजी आणि त्यावर टेबल! पुढे मात्र हीच नॉली घरात राहणाऱ्या एका मुलीबद्दल विचारल्यावर ती ज्यू आहे असं खरं सांगून टाकते आणि दोघींना अटक होते. कोरी प्रचंड अस्वस्थ होते, मीही झाले, असलं कसलं खरेपण असं वाटलं. ती मुलगी पुढे वाचते, पण त्यामुळे नॉलीचं बरोबर ठरलं असं काही मला पटलेलं नाही. आणि दुसरीकडे कोरी स्वतः खोटं बोलायचा सराव करतेय, तिला रात्री झोपेतून हलवून उठवतात आणि दरडावून विचारतात ज्यू कुठे लपवलेत, आणि सुरुवातीला ती अर्धवट झोपेत खरं बोलून जाते. एकाच घरातल्या दोन बहिणी, दोघींचाही देवावर तितकाच विश्वास, आणि दोघींचे मार्ग वेगळे. पुस्तक कुणा एकीच्या बाजूने निकाल देत नाही. ऑफिसात, घरात, नातेवाइकांत कुणाला सांभाळून घेण्यासाठी काय लपवायचं आणि काय नाही हा गुंता ज्याने अनुभवलाय त्याला या प्रकरणाची किंमत कळेल.

काळजीबद्दलचा प्रसंग तर मी कित्येकांना सांगितलाय. लहानपणी कोरी पहिल्यांदा मृत्यू जवळून बघते आणि रात्री रडायला लागते, बाबा तुम्ही मरायचं नाही म्हणून. वडील तिच्या पलंगावर बसतात आणि विचारतात की आपण ॲमस्टरडॅमला जातो तेव्हा मी तुझं तिकीट तुझ्या हातात कधी देतो. ती म्हणते, गाडीत चढायच्या जरा आधी. तसंच आहे म्हणे, ताकद लागेल तेव्हा देव ती देतो, आधीपासून हातात धरून बसायची नसते. मावशीच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री आम्ही सगळे हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो, कुणालाच झोप नव्हती, तेव्हा मी हे मावसबहिणीला सांगितलं. तिचा चर्चशी काही संबंध नाही, तरी तिने ते लगेच उचललं, आता आमच्याकडे कुणी फार पुढचं बोलायला लागलं की ती म्हणते, अजून तिकीट मिळालेलं नाहीये.

हेच वडील ८४ व्या वर्षी पकडले जातात. म्हातारा माणूस म्हणून अधिकारी त्यांना सोडायला तयार होतो, फक्त पुन्हा भानगड करायची नाही. ते सांगतात की आज घरी गेलो तर उद्या दारात आलेल्या गरजू माणसाला पुन्हा दार उघडणार. दहा दिवसांत ते कैदेतच वारले.

पुढे कोरी आणि बेट्सीला जर्मनीतल्या रावेन्सब्रुकच्या छळछावणीत नेतात, तो भाग वाचणं अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण पिसवांचा प्रसंग तिथलाच आहे. बराकीत पिसवा बुजबुजलेल्या, आणि बेट्सी म्हणते 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं वचन आहे ना, मग पिसवांबद्दलही देवाचे आभार मान. कोरी म्हणते, पिसवांबद्दल? शक्यच नाही. नंतर कळतं की पहारेकरी त्या बराकीत पाय ठेवत नव्हते ते या पिसवांमुळेच, आणि म्हणून लपवून आणलेलं बायबल रोज उघडता येत होतं. एरवी असला प्रसंग मला गोड गोड वाटला असता, इथे नाही वाटत, कारण बेट्सी त्या छावणीतून जिवंत परत येत नाही. डिसेंबर १९४४ मध्ये ती गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच कोरीची सुटका झाली, तीही कागदपत्रांतल्या चुकीमुळे, असं कोरीला पुढे कळलं. आभार मानल्यामुळे सगळं छान झालं असा हिशेब हे पुस्तक मांडतच नाही.

आणि क्षमा. युद्धानंतर म्युनिकला कोरी क्षमेवरच बोलून संपवते आणि त्याच छावणीतला एक पहारेकरी समोर येऊन हात पुढे करतो. तिचा हात उचलतच नाही. मनात राग उसळतोय, प्रेमाचा लवलेश नाही आणि ती हे स्पष्ट लिहिते. ती मनातल्या मनात प्रार्थना करते की माझ्याकडे क्षमा नाहीये, तुझी दे. पुढे काय होतं ते पुस्तकातच वाचा, पण मला भावलं ते हे की क्षमा वाटण्याआधी हात पुढे करावा लागतो, वाटणं मागून येतं. घरात जुनं वैर असलेल्यांनी हे पान जरूर वाचावं.

उणिवा आहेतच. सुरुवात संथ आहे, दुकानाच्या शंभराव्या वाढदिवसापासून, म्हणजे १९३७ पासून गोष्ट सुरू होते, मग बालपण येतं, आणि सस्पेन्स शोधत आलेला माणूस तिथेच कंटाळू शकतो. नेटाने पुढे जा, वडिलांचा गाडीच्या तिकिटाचा प्रसंग त्याच भागात आहे. बेट्सी फारच संत वाटते, तिला कधीतरी राग यावा असं मला सारखं वाटत राहिलं. बायबलची ओळख नसेल तर काही संदर्भ निसटतील, पण गोष्ट अडत नाही.

हे संपल्यावर काल्पनिक काही हवं असेल तर इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटनच्या फादर ब्राउनच्या गोष्टी घ्या. पहिला संग्रह १९११ चा, 'द इनोसन्स ऑफ फादर ब्राउन'. बुटका, गोल चेहऱ्याचा, छत्री सांभाळत फिरणारा कॅथलिक पाळक आणि गुन्ह्यांचा छडा लावतो तो ठसे-बिसे बघून नाही, तर हा गुन्हा मीच केला असता तर कसा केला असता असं स्वतःच्या आत उतरून. पापांची कबुली ऐकून ऐकून माणूस काय काय करू शकतो हे त्याला ठाऊक आहे, आणि म्हणून तो कुणाला राक्षस ठरवत नाही. दुसऱ्याला नावं ठेवायच्या आधी स्वतःच्या मनात डोकावायची सवय लागते हे वाचून, तेही रहस्यकथेची मजा कुठेही कमी न होता. काही गोष्टींत परक्या देशांतल्या माणसांबद्दल त्या काळचे पूर्वग्रह आहेत, ते खटकतात आणि खटकायलाच हवेत.

फ्रँक पेरेट्टीचं १९८६ चं 'धिस प्रेझेंट डार्कनेस' मात्र जपून. एका छोट्या गावात पाळक आणि एक पत्रकार एका कटाचा माग काढतायत आणि वर डोळ्यांना न दिसणारे देवदूत आणि दुरात्मे लढतायत. वेग जबरदस्त, झोप उडवणारं आहे, आणि प्रार्थना करायचा आळस असेल तर हे वाचून माणूस गुडघ्यावर येतो हे खरं. पण माणसाच्या जवळपास प्रत्येक वाईट वागण्यामागे एक दुरात्मा दाखवलाय, आणि ते डोक्यात बसलं तर शेजारणीच्या साध्या चिडचिडीतही आपल्याला सैतान दिसायला लागतो. शिवाय जबाबदारी माणसाकडे फारशी राहतच नाही, आणि जिथे माणसाला निवडच नाही तिथून रोजच्यासाठी शिकण्यासारखं कमीच उरतं. मनोरंजन म्हणून चार स्टार, शिकवण म्हणून दोन. 'द हायडिंग प्लेस'ला दोन्हीकडे पाच, फादर ब्राउनला साडेचार.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना द्यायचं असेल तर फादर ब्राउन बिनधास्त देऊन टाका. 'द हायडिंग प्लेस' द्याल तर छावणीची प्रकरणं तुम्हीही सोबतच वाचा, मुलं प्रश्न विचारतात, आणि नॉलीने खरं सांगायला हवं होतं का यावर तर घरात हमखास वाद होतो.