थंडीतच घसरणारा क्लच आणि एका कार्यशाळेची तपासणी

फक्त फोर बाय फोर गाड्यांचेच काम करणाऱ्या एका कार्यशाळेकडून मी नुकतीच क्लचची तपासणी करून घेतली. त्या सेवेबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले, कारण क्लच घसरतो म्हटल्याबरोबर गिअरबॉक्स उतरवायला न धावता आधी निदान करणारे कारागीर फार थोडे भेटतात. तक्रार अशी होती की कडाक्याच्या थंडीत रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी सकाळी काढली की गिअर बदलल्यानंतर दर वेळी इंजिनचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) काही क्षण वाढत राही आणि गाडी मात्र वेग घेत नसे. इंजिन आणि त्याच्या आजूबाजूचा भाग तापला की हा दोष आपोआप नाहीसा होई. यापूर्वी जिथे गाडी दाखवली होती तिथे ती भरदुपारी, गरम इंजिनावर चालवून पाहिली गेली. दोष दिसला नाही, तरीही क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारे रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच बदलण्याचा सल्ला मिळाला.

या कार्यशाळेने मात्र गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडायला सांगितली. रात्रभर ती बाहेर उभी राहील आणि सकाळची पहिली चावी तपासणारा कारागीरच फिरवील, अशी त्यांची अट होती. ही अट मला फार मोलाची वाटते. झिजलेली क्लच प्लेट सहसा तापल्यावर जास्त घसरते. लांब चढ, खोल वाळू किंवा मागे ओढलेले वजन अशा वेळी ती आधी उघडी पडते. याउलट थंड असताना घसरणारा आणि गरम झाल्यावर घट्ट धरणारा क्लच असेल, तर संशय आधी प्लेटच्या जाडीवर न घेता पेडलपासून रिलीज बेअरिंगपर्यंतच्या साखळीवर घ्यावा लागतो, किंवा प्लेटवर साचलेल्या दमटपणावर आणि तेलावर. हा फरक गाडी थंड असतानाच दिसतो, आणि तापलेल्या गाडीवर कितीही अनुभवी माणूस बसला तरी तो त्याला सापडणार नाही.

सकाळच्या चाचणीतील बारकावा वाखाणण्याजोगा होता. बर्फाळ किंवा ओल्या जमिनीवर चाके जागीच फिरली तरी आरपीएम असाच चढतो आणि अनेक चालक त्यालाच क्लचचा दोष समजतात. म्हणून कारागिराने कोरडा, मोकळा रस्ता निवडला आणि स्पीडोमीटरकडे लक्ष ठेवले: चाके जागीच फिरत असतील तर वेगाचा काटाही आरपीएमबरोबर वर जातो, क्लच घसरत असेल तर आरपीएम एकटाच वर जातो. त्यापुढे त्याने स्कॅनर जोडून दोन्ही आकडे एकत्र पाहिले. गिअर तोच असेल तर आरपीएम आणि वेग यांचे प्रमाण बदलू शकत नाही. ५० किलोमीटर वेगाला २००० आरपीएम असेल, तर ६० ला २४०० च असायला हवा आणि त्याहून जास्त दिसणारा प्रत्येक आकडा म्हणजे घसरण. चाचणी हाय रेंजमध्ये, म्हणजे नेहमीच्या रस्त्यासाठीच्या गिअर-जोडणीत, आणि चौथ्या गिअरमध्ये झाली हेही योग्यच होते, कारण लो रेंजमध्ये, म्हणजे अवघड वाटेसाठीच्या संथ पण जास्त जोराच्या जोडणीत, क्लचवरचा भार इतका हलका होतो की दोष झाकला जातो. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडते का ते पाहायचे, ही सर्वत्र केली जाणारी चाचणी त्याने केली खरी, पण तिच्यावर भिस्त ठेवली नाही. क्लच अगदीच गेलेला असेल तरच ती काही सांगते.

नंतर गाडी लिफ्टवर गेली. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, तळाचे निचऱ्याचे छिद्र प्रथम तपासले गेले. पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे छिद्र फार महत्त्वाचे असते. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरला त्यासाठी स्वतंत्र प्लग असतो, तो खोल पाण्यात उतरण्यापूर्वी लावायचा आणि बाहेर आल्यावर काढायचा. तो तसाच राहिला तर आत पाणी आणि तेल साचून राहते आणि थंडीत ओलसर प्लेट पहिल्या काही वेळा घसरणारच. माझ्या गाडीचे छिद्र कोरडे होते. तिथे तेल असते तर नुसत्या वासावरूनही पुष्कळ कळले असते: गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो आणि तो आला की संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलवर जातो, इंजिन ऑइल असेल तर क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलवर.

खरे निदान त्यानंतरच्या थोड्याशा वेळात झाले, आणि ते मला जवळून पाहू दिले गेले. एकाने पेडल दाबून झटकन सोडले. दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे पेडलकडून आलेल्या द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या खालच्या सिलिंडरचा, पुशरॉड (ढकलणारा दांडा) दाखवला. पेडल केव्हाच वर आले होते, पण तो दांडा मधात रुतल्यासारखा सावकाश मागे सरकत होता. मग पेडल पुन्हा दाबून सोडले आणि दाब खाली नेणाऱ्या रबरी नळीच्या वरच्या टोकाचा, पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरकडचा जोड किंचित सैल केला. दांड्याच्या गतीत काहीही फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेला खाली स्लेव्ह सिलिंडरचे ब्लीड निपल (द्रव बाहेर सोडण्याची तोटी) उघडताच काळपट द्रवाची बारीक चिळकांडी उडाली आणि दांडा एका झटक्यात मागे गेला. दाब या दोन जागांच्या मध्येच, म्हणजे रबरी नळीत, अडकत होता. जुन्या नळीचा आतला थर फुगून वाट अरुंद झाली होती. थंडीत रबर कडक आणि द्रव दाट, त्यामुळे सोडलेला क्लच पूर्ण पकड घ्यायला उशीर करी आणि तेवढा वेळ प्लेट घासत राही. गरम झाल्यावर रबर सैलावे, द्रव पातळ व्हावा, आणि दोष दिसेनासा व्हावा.

नळी आणि द्रव बदलण्यापलीकडे त्यांनी काहीही सुचवले नाही. द्रवाबाबतचा सल्लाही नेमका होता. उणे ४० अंश सेल्सिअसला अमेरिकी मानकानुसार डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक-क्लच द्रवाची श्यानता (दाटपणा) १८०० सेंटिस्टोक्सपर्यंत चालते, डॉट ५.१ ची मर्यादा ९०० आहे. म्हणून अतिथंडीत डॉट ५.१ अधिक मोकळेपणाने वाहतो. त्याच वेळी सिलिकॉनचा डॉट ५ हा वेगळाच पदार्थ असून तो यात मिसळायचा नाही, हे त्यांनी आवर्जून बजावले. दुरुस्तीनंतर तीच थंड सकाळची चाचणी पुन्हा घेतली गेली आणि आरपीएम-वेगाचे प्रमाण सर्व गिअरमध्ये स्थिर राहिले.

उणिवाही आहेत. एवढी काटेकोर मोजणी करूनही हाती आलेल्या लेखी अहवालात ‘क्लच होज बदलला, ब्लीडिंग केले’ एवढेच होते; चाचणीतले आकडे त्यात यायलाच हवे होते, कारण पुढच्या हिवाळ्यात तुलना करायची तर ते आकडेच उपयोगी पडतील. बेल हाउसिंगच्या, रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कजवळच्या खिडकीतून कॅमेरा घालून प्लेटची जाडी पाहता आली असती, ती पाहिली गेली नाही. दर सकाळी घासत राहिलेल्या प्लेटचे किती आयुष्य उरले आहे, हे त्यामुळे अजून अंदाजावरच आहे. शिवाय गाडी रात्रभर सोडावी लागते आणि रात्र पुरेशी थंड नसेल तर ते दुसऱ्या दिवसाची वाट पाहायला लावतात. ज्यांची गाडी रोजच्या कामाची आहे त्यांनी याची तयारी ठेवावी. ज्यांचा क्लच चढावर, गरम असतानाही घसरतो, त्यांना या मुक्कामाच्या तपासणीची गरज नाही. त्यांची प्लेटच झिजली असण्याची शक्यता जास्त. पण दोष फक्त सकाळी दिसत असेल आणि कोणी थंड गाडी सुरू करून न पाहताच क्लचचा पूर्ण संच बदलायला सांगत असेल, तर आधी इथे एक रात्र गाडी उभी करावी.