बॅटरी ठणठणीत, सिक्युरिटी पॅच मात्र आठ महिने जुना

कॅमेरा, डिस्प्ले, चार्जिंग यावर ढीगभर रिव्ह्यू आहेत, मी त्यात शिरत नाही. साडेतेरा हजारांचा हा फोन दीड वर्ष वापरतेय. बॅटरी दिवसभर पुरते, दोनदा पडूनही स्क्रीन शाबूत आहे. माझं भांडण सेटिंगमधल्या एकाच ओळीशी आहे.

अबाउट फोनमध्ये जाऊन 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' बघा, म्हणजे सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती (पॅच) कोणत्या तारखेपर्यंतची आहे ते. माझ्याकडे जून २०२५ मध्ये तिथे १ ऑक्टोबर २०२४ ही तारीख होती. त्याच फोनचं अपडेटचं पान उघडलं की हिरवी खूण आणि 'तुमचा फोन अद्ययावत आहे'! याचा मला सगळ्यात जास्त राग आला. पॅच नाही तर नाही म्हणा, खोटं कशाला सांगता?

२०१५ मध्ये अँड्रॉइडमधली स्टेजफ्राइट नावाची त्रुटी उघडकीला आली, नुसत्या एमएमएसमधून फोन ताब्यात जाऊ शकत होता. तेव्हापासून गूगल दर महिन्याला दुरुस्त्या काढतं. पॅचच्या तारखेतला दिवस ०१ असेल तर त्या महिन्याच्या फक्त अँड्रॉइडच्या दुरुस्त्या मिळालेल्या असतात, ०५ असेल तर कर्नल (सिस्टिमचा अगदी आतला गाभा) आणि चिपसेटच्याही. ऑक्टोबर २०२४ मध्ये फोनच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने जाहीर केलं की त्यांच्या चिपमधल्या एका त्रुटीचा हल्ल्यांसाठी वापर होतोय. गूगलने ती दुरुस्ती नोव्हेंबरच्या पॅचमध्ये घेतली. माझ्या फोनची चिप ही त्रुटी असलेल्या चिपच्या यादीत आहे आणि माझा पॅच ऑक्टोबरवर अडकलेला. चिपवाल्यांनी आणि गूगलने आपलं काम केलं, पुढचं फोन कंपनीने केलं नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फोन चालतोय ना व्यवस्थित? मग पॅचचं काय घेऊन बसलात?" वर फॅक्टरी रीसेट मारा म्हणाला. रीसेटने पॅच येत नाही हे त्याला मी समजावून सांगितलं. कंपनीला केलेल्या मेलचं उत्तर एकच: 'टप्प्याटप्प्याने मिळेल.'

तेव्हा मी एकच स्टार देणार होते. मग सोसायटीच्या ग्रुपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एक एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) आली. सासूबाईंनी माझ्याच फोनवर ती दाबली आणि प्ले प्रोटेक्टने, म्हणजे धोकादायक ॲप पकडणाऱ्या गूगलच्या सोयीने, इन्स्टॉल होण्याआधी अडवली. असली ॲप एसएमएसची परवानगी मागतात आणि ओटीपी वाचतात. परवानगी आपणच दिली तर काल आलेला ताजा पॅचही उपयोगाचा नाही. आणि प्ले प्रोटेक्ट थेट गूगलकडून अपडेट होतं, फोन कंपनीची वाट बघत नाही. आपल्याकडे खात्यातले पैसे या रस्त्यानेही जातात, तेव्हा जुन्या पॅचचा फोनही अगदीच उघडा नाही हे मान्य करायला हवं. एक स्टार वाढवला.

पण राग गेलेला नाही. आयफोनची सुरक्षाही फुटते. सप्टेंबर २०२१ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवलं की पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर ॲपलच्या आयमेसेज या मेसेज ॲपमधून, समोरच्याने काहीही न दाबता, आत शिरत होतं. ॲपलने त्याच महिन्यात आयओएस १४.८ काढून ते भोक बुजवलं, आणि ते अपडेट चालणाऱ्या सगळ्या आयफोनना एकदमच मिळालं. २०१३ च्या आयफोन ५एसलाही जानेवारी २०२३ मध्ये सिक्युरिटी अपडेट मिळालं होतं. फोनची सुरक्षा फुटते की नाही यापेक्षा, फुटल्यावर दुरुस्ती किती दिवसांत हातात येते यावर मी आता फोन जोखते.

आता पैशांचं बघा. माझ्या फोनला कंपनीने दोनच वर्षं पॅच कबूल केलेत, म्हणजे वर्षाला पावणेसात हजार, तेही असे रखडत. सॅमसंगचा ए१६ फाइव्हजी आला तेव्हा एकोणीस हजारांच्या आसपास होता आणि त्याला सहा वर्षांचे सिक्युरिटी अपडेट जाहीर झालेत. वर्षाला सव्वातीन हजारही पडत नाहीत. स्वस्त म्हणून घेतलेला फोन दुपटीने महाग पडला.

परवा अखेर मे २०२५ चा पॅच आला, तारखेतला दिवस ०५ आहे. तेवढ्यासाठी अर्धा स्टार आणखी, एकूण अडीच. बँकेचं ॲप मात्र नवऱ्याच्या फोनवरच राहील. कंपनीला माझं एकच मागणं आहे: बॉक्सवर मेगापिक्सेल छापता तसा पॅच कोणत्या तारखेपर्यंत देणार तेही छापा.