दुमजली घराचे बांधकाम: सेफ्टी बेल्ट, कठडा की पक्की परांची?

नाशिकमध्ये गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याकडे स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणारा मालक सळईचा भाव चार ठिकाणी विचारतो; उंचीवरून माणूस पडू नये म्हणून काय करायचे, हे मात्र ठेकेदारावर सोडतो आणि ठेकेदार बहुधा दोन सेफ्टी बेल्ट (अंगात घालायचा पट्टा आणि त्याच्या कडीला जोडलेला, टोकाला हूक असलेला दोर) आणून ठेवतो. बेल्ट स्वस्त पडतो हे खरे, पण दुमजली घरावर त्याचा हिशेब जुळत नाही.

पहिला स्लॅब जमिनीपासून ३ मीटरवर आहे आणि दोराचा हूक कामगाराच्या पायाशी, कॉलमच्या सळईला अडकवला आहे, असे धरू. दोर १.८ मीटरचा आणि पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंतचे अंतर साधारण दीड मीटर, बेरीज ३.३ मीटर होते, म्हणजे दोर ताणला जाण्याआधीच पाय जमिनीवर आदळतात. झटका शोषणारी पट्टी उलगडायला आणखी सुमारे १ मीटर लागतो, तो वेगळाच. हूक डोक्याच्या वर अडकवता आला तर चित्र बदलते, परंतु उघड्या स्लॅबवर डोक्याच्या वर असते काय? नुसता कंबरपट्टा तर घेऊच नये. पडताना सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो.

त्या मानाने स्लॅबच्या कडेला सुमारे १ मीटर उंचीवर एक आडवा पाइप, मध्ये दुसरा आणि तळाशी उभी फळी असा तात्पुरता कठडा कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. स्लॅबसाठी माझी पसंती त्यालाच आहे.

गिलाव्याच्या वेळी मात्र परांचीच महत्त्वाची ठरते. रंधा फिरवून झाला की भिंत सपाट आली का हे पाहायला गवंडी नकळत एक पाऊल मागे सरकतो. दोनच फळ्या टाकलेल्या असतील, तर त्या पावलाखाली काही नसते. बांबूची परांची चालते, पण पावसाळाभर उभी राहिलेली असेल तर भिजून सुकलेले दोर सैल पडतात आणि गाठी नव्याने बांधाव्या लागतात. लोखंडी पाइपांचे भाडे जास्त असले तरी क्लॅम्प तपासणे सोपे जाते. काळ्या मातीत मात्र पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली बेसप्लेट आणि जाड फळी हवीच. दोन्हींत फळ्या पूर्ण रुंदीच्या असाव्यात आणि मागे कठडा असावा.

हिरवी जाळी धूळ अडवते, माणूस नव्हे.

जिन्याच्या व डक्टच्या भोकांवर टाकलेले प्लायवूड खिळ्यांनी पक्के करून घ्यावे, कारण सुटे प्लाय दुसऱ्याच दिवशी मसाला कालवायला उचलले जाते.