जॅकहॅमरचे कार्बाइड बटण बिट : गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

तुर्भे-खारघर पट्ट्यात पायासाठी कातळ फोडायची कामं घेतो. गणपतीनंतर जॅकहॅमरना ३४ मिमीचे, सात बटणांचे टंगस्टन कार्बाइड बिट लावले. बिट म्हणजे रॉडच्या टोकाचं, कातळात भोक पाडणारं डोकं; त्यात बसवलेले कार्बाइडचे गोल माथ्याचे तुकडे ती बटणं. आता उन्हाळा तोंडावर आलाय. आपल्या काळ्या पाषाणात छिन्नी बिटपेक्षा (छिन्नीसारख्या सरळ धारेच्या) हे नक्कीच उजवे. फक्त घेताना ‘किती कडक’ एवढंच विचारू नका, ठोका किती सोसतात तेही विचारा.

सगळ्यात कडक तर हिरा. पण जॅकहॅमर मिनिटाला दोन हजारांच्या आसपास ठोके देतो, तिथे नुसता हिरा तडकतो. पोलाद ठोका खातं, पण कातळ त्याला घासून बोथट करतो. कार्बाइडच्या बटणात टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण कोबाल्टने बांधलेले असतात, साधारण १४०० अंशांच्या भट्टीत पक्के केलेले. कोबाल्ट कमी तर बटण कडक, पण फुटायची भीती. जास्त तर ठोका सोसतं, पण लवकर झिजतं. खडकाच्या बिटांत ते बहुधा ६ ते १० टक्के असतं. १९२३ साली जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी याचं पेटंट घेतलं, तेही बल्बची तार ओढायच्या महागड्या हिऱ्याच्या डायला (ज्या भोकातून तार ओढून बारीक करतात त्या साच्याला) पर्याय म्हणून! खाणीत ते नंतर आलं.

आता साइटवरचं. भोकातून येणारा चुरा बघत जा. बिट ताजा असला की चुरा दाणेदार येतो, बोथट झाला की पिठासारखा. बाहेरच्या कडेची बटणं आधी झिजतात, डोक्यावर चकचकीत सपाट टिकली दिसते. ती बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाली की ग्राइंडिंगला, म्हणजे बटण घासून पुन्हा गोल करायला, काढाच. ‘अजून चालतोय’ म्हणत ओढलं की बटणावर जाळीसारख्या बारीक चिरा येतात आणि मग ते फुटतं. आमचा ड्रिलर हल्ली टिकली बघूनच बिट उतरवतो, सांगावं लागत नाही.

कातळाच्या दोन थरांमध्ये तांबडी माती लागली की बिटमधली, चुरा बाहेर फुंकणाऱ्या हवेची भोकं बुजतात; तिथे जोर न लावता रॉड वर घेऊन फुंकर मारावी.

एका दुकानातून आलेल्या लॉटमध्ये बटणं न झिजताच खोबणीतून निखळली. दुकानदार कार्बाइडच्या ग्रेडबद्दल बोलतच राहिला, पण दोष बसवणीत होता. तेव्हापासून प्रत्येक बटणाची बैठक भिंगातून बघूनच पैसे देतो.

फक्त मुरमाचं काम असेल तर एवढा खर्च करू नका, तिथे साधी छिन्नी पुरते. ग्राइंडिंगला मात्र डायमंड व्हील किंवा हिरवा सिलिकॉन कार्बाइड दगडच वापरा. वर्कशॉपमधल्या नेहमीच्या दगडाने बटणाला आकार येत नाही, ते नुसतं तापतं.