३२ वस्तूंची डबी, की घरचा डबा?

माझा भाचा खारघरला राहतो, महाप्याला नोकरी करतो आणि पावसाळ्यात दर दुसऱ्या रविवारी कुठल्यातरी डोंगरावर असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने ऑनलाइन एक 'सर्व्हायव्हल किट' मागवलं आणि ते दाखवायला आमच्याकडे नौपाड्यात आला. पत्र्याची, तळहातापेक्षा जरा मोठी डबी. झाकणावर बर्फाचा डोंगर.

"मावशी, ३२ वस्तू आहेत यात!"

जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून आम्ही एकेक वस्तू काढली. मासे धरायचे गळ सुटे सुटे धरले तेव्हा ३२ भरल्या. गळ बघून सासूबाईंनी विचारलं, "तलावपाळीवर बसणार आहेस का रे?" तो हसला, पण दीड हजार रुपये गेले होते. जाताना म्हणाला, ऑफिसातल्या चौघांना असंच घ्यायचंय, काय सांगू? त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

पर्याय तीन आहेत. एक, अशी तयार डबी. दोन, मेडिकलमध्ये मिळणारी प्रथमोपचार पेटी किंवा पाउच. तीन, आपण जमवलेला डबा. मी तिसरा वापरते, त्यामुळे माझं झुकतं माप कुठे असेल हे उघड आहे. तरी दुसऱ्या पर्यायाबद्दल माझं मत पूर्वीपेक्षा बरंच बदललंय, ते पुढे येईल.

आधी आपल्याकडे माणूस अडकतो कसा ते बघू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि माणसं रात्रभर लोकलमध्ये, ऑफिसात, पुलांवर राहिली किंवा रुळांवरून चालत सुटली. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात उभी राहिली. आत हजाराच्या वर प्रवासी होते आणि सगळ्यांना बाहेर काढेपर्यंत दुपार उलटली. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल थांबल्या, लिफ्ट अडकल्या, सिग्नल बंद पडले. यात कुठेही लांडगे नाहीत, हिमवादळ नाही, मासे धरून जगायची पाळी नाही. आपल्याकडे येतं ते पाणी, काळोख, गर्दी आणि सहा ते अठरा तासांचं थांबणं. डोंगरावर गेलात तर त्यात दोन गोष्टींची भर: मुरगळलेला पाय आणि चकवा.

हा हिशेब डोक्यात ठेवून भाच्याच्या डबीकडे पाहिलं की अर्धी डबी आपोआप बाजूला होते. गळ आणि दोरा गेले. तारेची करवत आम्ही गच्चीवरच्या कुंडीतल्या पेरूच्या फांदीवर चालवली. अंगठ्याएवढी फांदी, पण अर्ध्यावर गेल्यावर कडीपाशी तार तुटली. एटीएम कार्डाएवढं पोलादी 'मल्टिटूल' होतं, त्यावर बाटली उघडायची खाच, पाना, पट्टी असं सगळं कोरलेलं. बाटली उघडली, बाकी काही जमलं नाही. होकायंत्राची गंमत वेगळीच. टेबलावर ते बरं वागत होतं. डबीचं झाकण शेजारी सरकवलं की सुई झाकणाकडे वळायची. लोखंडी पत्र्याच्या डबीत होकायंत्र ठेवणाऱ्याला नमस्कार!

ठिणगी पाडायची चकमक मात्र चांगली होती, एकदा घासली की भरपूर ठिणग्या. पण जुलैत माहुलीच्या जंगलात कोरडं काटूक सापडत नाही, आणि मार्चनंतर सापडतं तेव्हा वणव्याची भीती. येऊरला तर प्रश्नच नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे आग लावणं हा गुन्हा आहे. मी साधा लायटर ठेवते, तोही दोऱ्याचं टोक जाळायला.

राहता राहिल्या तीन वस्तू: शिट्टी, टॉर्च आणि चंदेरी ब्लँकेट. तयार डबी आणि घरचा डबा यांची खरी तुलना इथेच होते.

शिट्टी. डबीतली शिट्टी आत गोळी असलेली. आम्ही ती तांब्यात बुडवून काढली आणि फुंकली. आधी पाण्याचा गुळगुळाट, मग फुस्स. बिनगोळीची चपटी प्लॅस्टिकची शिट्टी खेळाच्या दुकानात मिळते, ओली झाली तरी वाजते आणि धातूची नसल्याने गंजत नाही. तीनदा वाजवायची, थांबायचं, परत तीनदा. घसा बसतो, शिट्टी बसत नाही. दुकानात लाजू नका, फुंकून बघून घ्या. माझ्या मते या सगळ्या यादीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू हीच आहे.

टॉर्च. डबीतला टॉर्च बटणसेलवर चालणारा. तो सेल रात्री आठला आसनगाव स्टेशनबाहेर मिळेलच असं नाही. पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतो, म्हणून एका पेन्सिल सेलवर चालणारा टॉर्च घ्यावा. चार्जिंगचा टॉर्चही चांगला, पण तो वापरात नसतानाही हळूहळू उतरतो आणि नेमका नको तेव्हा रिकामा निघतो. सेल टॉर्चमध्ये भरून ठेवू नका. आपल्या दमट हवेत साधे अल्कलाइन सेल पाझरतात आणि टॉर्चच कायमचा जातो. सेल बाहेर, चिकटपट्टीने टॉर्चला बांधलेला. डोंगरावर जाणाऱ्याने कपाळावरचा हेडटॉर्चच घ्यावा, कारण उतरताना दोन्ही हात लागतात. मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च धरू नका, तो फोनच्या जिवावर जळतो.

चंदेरी ब्लँकेट. हे डबीत आहे म्हणून डबीचं कौतुक करावं असं मला आधी वाटायचं. अंगाची उष्णता परत फेकतं, वारा अडवतं, घडी पत्त्यांच्या जोडाएवढी. पण एकदा कुठे चीर पडली की सर्रकन शेवटपर्यंत फाटतं, आणि सह्याद्रीतल्या पावसात वारा असला की ते अंगाभोवती धरून ठेवणं हेच एक काम होऊन बसतं. त्याच्याजोडीला मी कचऱ्याची मोठी काळी पिशवी ठेवते, जाड, सोसायटीच्या डब्याला लावतात ती. तळाशी चेहऱ्यापुरतं भोक पाडून डोक्यावरून घातली की रेनकोट, आत सॅक टाकली की सॅक कोरडी, खाली अंथरली की ओल्या फलाटावर बसायची सोय. दोन्ही ठेवा. एकच ठेवायचं असेल तर पिशवी.

आता पाणी. यावर सगळ्यात जास्त पैसे चुकीचे खर्च होतात, म्हणून जरा थांबते. महागड्या डब्यांमध्ये नळीचा फिल्टर असतो, ओढ्याला तोंड लावून प्या म्हणणारा. त्याची छिद्रं साधारण ०.२ मायक्रॉनची. त्यात जिवाणू अडकतात, विषाणू निसटतात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात पाण्यातून येणारी कावीळ, हिपॅटायटिस ए आणि ई, ही विषाणूंचीच. क्लोरिनच्या गोळ्या विषाणूही मारतात, पण पाणी गढूळ असेल तर त्यांचा जोर ओसरतो. आधी फडक्यातून गाळायचं, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात गोळी टाकायची आणि किमान अर्धा तास थांबायचं. डोंगरातल्या झऱ्याला हे ठीक. पण तळोजा किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या नाल्यात कारखान्याची रसायनं उतरली असतील तर गोळीही काही करत नाही आणि नळीही नाही. म्हणून शहरात अडकणाऱ्याने नळीवर हजार रुपये घालू नयेत. सॅकमध्ये पाण्याची भरलेली बाटली कायम ठेवावी, विषय संपला. डोंगरवाल्याने गोळ्यांची एक पट्टी जवळ बाळगावी.

पाण्याबरोबर ओआरएस. मेडिकलमध्ये डब्ल्यूएचओच्या सूत्राची पुडी मागा. मोठी पुडी एक लिटरची असते. ती ग्लासभर पाण्यात टाकून पिणं चूक. २०० मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते, डब्याला तीच सोयीची. फळांच्या चवीचे गोड तयार पेय वेगळे, त्यात साखर वारेमाप असते.

आता दुसरा पर्याय, मेडिकलमधली पेटी. पूर्वी मी तिला नाक मुरडायचे: कापूस, कापूस आणि वर कापूस. पण तिच्यात जे असतं ते खरोखर लागतं. गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, बीटाडीन. बत्तीस वस्तूंच्या डबीत जखमेसाठी चार बँडएड होत्या, त्यातल्या दोघांचा गोंद वाळलेला. मुरगळलेल्या पायावर होकायंत्र बांधता येत नाही. घरात म्हातारी माणसं असतील, किंवा तुम्ही स्वतः 'जमवू कधीतरी' म्हणणाऱ्यांतले असाल, तर सरळ प्रथमोपचाराचा पाउच घ्या आणि त्यात शिट्टी, टॉर्च, काळी पिशवी टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. गाडीत ठेवायलाही पेटीच बरी. गाडीसाठी काच फोडायची छोटी हातोडीही घ्या, २००५ ला बंद गाड्यांत माणसं गेली आहेत. ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची. पुढची काच थरांची असते, ती तडकते पण सहसा मोकळी होत नाही.

पेटीतल्या एका गोष्टीपासून सावध. काही 'ट्रेकिंग किट'मध्ये साप चावल्यावर विष ओढायचा पंप देतात. त्याने विष निघत नाही, जखम वाढते आणि वेळ जातो. चावलेला अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात नेणं एवढंच करायचं. पंपाचे पैसे रिक्षाला ठेवा.

आता माझा डबा. सुरुवात शाळेतल्या पत्र्याच्या कंपासपेटीपासून झाली होती. दोन पावसाळ्यांत बिजागरी गंजली, शिवाय क्रेप बँडेज मावेना. आता चार बाजूंनी कड्या लागणारा, हवाबंद, अर्ध्या लिटरचा प्लॅस्टिकचा डबा आहे. पाणी शिरत नाही आणि वेळ आली तर त्यातच ओआरएस कालवता येतं. आत आहे ते असं: शिट्टी, टॉर्च, दोन सेल, क्रेप बँडेज, गॉज, बीटाडीनची छोटी ट्यूब, बँडएड, ओआरएसच्या तीन पुड्या, पॅरासिटामॉल, लायटर, पाच-सहा सेफ्टी पिना, जुन्या एटीएम कार्डाभोवती गुंडाळलेली हातभर डक्ट टेप, दोन सॅनिटरी पॅड (रक्त थोपवायलाही कामाचे), एन९५ मास्क आणि घडी घातलेली काळी पिशवी. चंदेरी ब्लँकेट सॅकच्या पाठीमागच्या खणात जातं. गोळ्यांची पट्टी कापताना ज्या तुकड्यावर मुदतीची तारीख आहे तो ठेवा, नाहीतर वर्षभराने काहीच कळत नाही. रोजची औषधं, इन्हेलर, मधुमेह असेल तर ग्लुकोज, हे ज्याचं त्याने. कुठल्याही तयार किटमध्ये ते नसतं.

दहा-वीस-पन्नासच्या नोटा मिळून ३०० रुपयेही आहेत. २०२० च्या त्या सकाळी मोबाइलचं नेटवर्कही डगमगत होतं. फोनवरून पैसे देणाऱ्याच्या खिशात अशा वेळी काहीच नसतं. आणि एक चिठ्ठी: घरचे तीन नंबर, रक्तगट, ११२, रुग्णवाहिकेचा १०८, रेल्वेचा १३९. शिसपेन्सिलने लिहिलेली, कारण पेनची अक्षरं ओलीत फुटतात हे मी एका चिठ्ठीवर अनुभवलंय.

पॉवर बँक डब्यात बसत नाही, वेगळी ठेवावी लागते. १०,००० एमएएचवर भुलू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे. फोनला पाच व्होल्टने देताना साधारण साठ-पासष्ट टक्केच हाती लागतं. म्हणजे ५,००० एमएएचचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा. अडकलेल्या रात्रीला तेवढं पुरतं. मात्र दोन-तीन महिन्यांनी तिला चार्जिंगला लावायची आठवण ठेवा.

खर्च म्हणाल तर पॉवर बँक आणि बाटली सोडून माझे हजाराच्या आत गेले, त्यात निम्मे टॉर्चचे. भाच्याची डबी दीड हजाराची.

मग ती डबी कुणी घ्यावी? जो चकमक पेटवायला, गाठी मारायला शिकतोय आणि ज्याला त्यात मजा आहे, त्याने खुशाल घ्यावी; छंद म्हणून ती वाईट नाही. रोज ठाणे-वाशी लोकलने जाणाऱ्याने घेऊ नये. तिच्यातल्या धारदार वस्तूंपायी मॉलच्या आणि मेट्रोच्या दारात पिशवी उघडत बसावं लागेल ते वेगळंच. आणि पावसात पांडवकड्याला जायची बंदी मोडणाऱ्याने यातलं काहीच घेऊ नये, कारण धबधब्याच्या लोंढ्यात डबी आणि डबा दोन्ही सारखेच वाहून जातात.

साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलात आणि पायाला चीर असेल, तर साबणाने पाय धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधाची गोळी लागेल की नाही ते तेच ठरवतील. ती गोळी आपल्या मनाने डब्यात भरून ठेवू नका.

माझा डबा वर्षातून दोनदा उघडतो. एकदा मृग लागायच्या आधी, आणि एकदा खंडेनवमीला, हातोडी-पक्कडीबरोबर. हळदकुंकू वाहून झालं की सेल तपासायचे, तारखा बघायच्या, ओआरएसची पुडी दाबून बघायची. आत खडा झाला असेल तर नवी. गेल्या खंडेनवमीला चॉकलेट वितळून शिट्टीच्या भोकात बसलेलं सापडलं, टूथपिकने काढावं लागलं. तेव्हापासून चिक्की ठेवते. ती वितळत नाही, पण खंडेनवमीपर्यंत टिकतही नाही. भाचा आला की डबा 'तपासून' जातो.