थंडगार 'क्लास ए'

बाबांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकायला मी गेल्या दिवाळीत सेकंडहँड अ‍ॅम्प्लिफायर घेतला. 26 हजार रोख. विकणारा मोठा गोडबोल्या. "काका, प्युअर क्लास ए, वर चार काचेच्या ट्यूब, चॅनलला 100 वॉट. उचलून बघा, वजनच सांगेल." क्लास ए म्हणजे भरपूर वीज खाऊन तापणारा अ‍ॅम्प्लिफायरचा प्रकार. उचलला, कंबर धरली. पटलं. झाकण उघडू का म्हटलं, तर म्हणे सील तुटेल. सेकंडहँडला कसलं आलंय सील! पण तेव्हा सुचलं नाही.

आवाज वाईट नव्हता, हीच पंचाईत. दोन महिने मित्रांना चहा पाजून कौतुक करून घेतलं. मग एका रात्री बंद करायचा राहिला. सकाळी झाकणाला हात लावला तर गार. आमची मांजर सेट-टॉप बॉक्सवर झोपते, याच्यावर कधी फिरकली नव्हती. तिला आधीच कळलं असावं.

क्लास एमध्ये गाणं थांबलं तरी आतला करंट थांबत नाही. अगदी उत्तम रचनेतही निम्मी वीज उष्णतेतच जाते. म्हणजे दोन्ही चॅनल मिळून 200 वॉट द्यायचे तर याने गप्प बसूनही किमान 400 वॉट ओढायला हवेत. प्लगला वॉटमीटर लावला : 9. क्लास एबी हा त्याहून काटकसरी प्रकार, तोसुद्धा जरा कोमट होतो. त्यात लाटेचा वरचा अर्धा एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा, आणि जोडावर आवाज फाटू नये म्हणून थोडा करंट कायम सोडून ठेवलेला असतो.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या रिपेअरवाल्याने स्क्रू काढले. प्रत्येक ट्यूबच्या बुडाशी ती पेटल्यासारखी दिसावी म्हणून नारिंगी एलईडी, ट्यूबच्या पिनांना वायरच नाही. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यात सिमेंटचा गोळा. कोपऱ्यात तळहाताएवढा क्लास डीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या प्रकारचा बोर्ड, टीपीए3116 चिपचा, आणि 24 व्होल्ट 4 अँपिअरचा सप्लाय. "24 चोक 96," तो म्हणाला. "96 आत घेऊन 200 बाहेर देत असेल, तर काका, लाइटबिल कशाला भरताय?"

चिप बिचारी प्रामाणिक. सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते, म्हणून तापत नाही. त्या किमतीत आवाजही छान देते. ती किंमत सगळ्या सामानासकट दोन हजार, असं त्याने सांगितलं.

असा माल घ्यायला गेलात तर आधी अर्धा तास चालू ठेवायला लावा, झाकणावर हात ठेवा आणि सप्लायचे व्होल्ट-अँपिअर गुणून बघा. झाकण उघडू देत नसेल तर उठा.

विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंदच लागतो. सिमेंटचा गोळा बाल्कनीचं दार अडवायला ठेवलाय.